चारुलतासाठी चौदा बुधवार

धुळे,
रविवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे

प्रिय दिपमाला,

सलाम. वरचा 'प्रिय' लिहून मी दहा मिनिटं नुसताच बसलो होतो. सहा वर्षांत तुला एक ओळ न धाडणाऱ्या बापाने हा शब्द वापरावा की नाही, ते तू ठरव. दुसरा शब्द सुचला नाही. हे पाकीट पोस्टाने येणार नाही. उद्या सकाळच्या साडेसहाच्या जळगाव गाडीवर आपला झुलाल कंडक्टर आहे, तो तुझ्या लॅबमध्ये येऊन तुझ्याच हातात देईल. लॅब कुठली ते बेबाबाईने सांगितलं. तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. भिंतीला भिंत लागून राहते ती, रोज सकाळी आपल्याकडून विरजण नेते, पण मला तिने कळू दिलं नाही. आज विचारलं तर एका श्वासात सांगितलं, जसं काही मी विचारायचीच वाट पाहत होती.

आधी आईचं लिहितो, कारण घडी उघडल्यावर तू पहिलं तेच शोधशील. आई आहे. आत्ता पंख्याखाली कॉटवर पडली आहे. पण तिच्या हृदयाची एक झडप आकसली आहे. नवीन वर्षाच्या भक्तीला चर्चच्या पायऱ्या चढताना ती मध्येच खाली बसली आणि ओठ निळे पडले, तेव्हा कळलं. इथल्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं. नाशिकच्यांनी सांगितलं, झडप बदलावी लागेल आणि लवकर बदलावी लागेल. फेब्रुवारीची तारीख मिळाली, ती तिने मोडली. मार्चची मिळाली, तीही मोडली. आता येत्या गुरुवारची आहे. याच्यापुढे ढकललं तर आम्ही हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आहे. तारखा का मोडल्या ते ऐकून दुसरा कुणी हसेल. "चारुलता घर यी जाऊ दे, मंग काय कापानं ते कापा," असं ती म्हणाली, डॉक्टरांच्या तोंडावर. डॉक्टरांना वाटलं चारुलता आमची मुलगी. ते मला म्हणाले, मग बोलावून घ्या ना तिला.

चारुलता म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतली बाई. तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी ती सुरू झाली, रोज संध्याकाळी साडेसात वाजता. आपल्या घरात साडेसातला काय असायचं ते तुला सांगायला नको. लग्न झालं त्या दिवसापासून साडेसातला चटई, गीत, शास्त्रवाचन, प्रार्थना. तू तापाने फणफणलेली असलीस तरी उठवून बसवायचो. एकतीस वर्षं मी स्टँडवर माइकसमोर बसून गाड्यांच्या वेळा सांगितल्या आहेत. साडेसात म्हणजे साडेसात, सात एकतीस नाही, हे माझं वाक्य तुम्ही दोघी माझ्यामागे वेडावून म्हणायचात, तेही मला माहीत होतं. तर तुझ्या आईने एके दिवशी विचारलं की प्रार्थना सातला घेतली तर चालेल का. पस्तीस वर्षांत तिने मागितलेली ती पहिली गोष्ट. मी उडवून लावली. देवाने टीव्हीसाठी वेळ बदलायची का, असं काहीतरी बोललो. ती वाद घालणाऱ्यातली नाही, तुला ठाऊक आहे. पण त्या आठवड्यात प्रार्थना संपल्यावर ती 'आमेन' म्हणेना. मी म्हणायचो, ती डोळे मिटून तशीच. सात पन्नास व्हायचे, आठ व्हायचे, माझे गुडघे दुखायला लागायचे. सातव्या दिवशी मी निमूटपणे वेळ बदलली.

मालिका कसली, डोक्याला ताप. ही चारुलता, बापाने तोंडावर दार लावलं म्हणून घरातून बाहेर पडली, ती पाच वर्षं भटकतेच आहे. दोनदा पळवून नेली, एकदा नदीत पडली, मेली म्हणून तेराव्याचं जेवणसुद्धा झालं, आणि मधल्या काळात तिचं तोंडच बदललं, म्हणजे नटी बदलली, पण घरातल्या एकालाही फरक कळला नाही. मी मालिका बघत नव्हतो. मी खुर्चीत पेपर वाचत बसायचो. पेपर सकाळी वाचून झालेला असायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. एकदा तिला एसटीत बसवलं होतं, तर गाडीला पाटी एका गावाची आणि कंडक्टर ओरडतोय दुसऱ्याच गावाचं नाव. मी इतका चिडलो की उभाच राहिलो. तुझी आई माझ्याकडे न बघता म्हणाली, बसा, तुम्ही कुठे बघताय. त्या संध्याकाळी ती हसली होती. तू गेल्यानंतर मी तिला हसताना पाहिलं, त्या मोजक्या वेळांपैकी ती एक.

आता जे लिहायचं आहे ते जड आहे. तू गेलीस त्या महिन्यात मी घरात एक नियम केला. तुला कदाचित बेबाबाईने सांगितला असेल. या घरात दिपमालाचं नाव घेऊन प्रार्थना होणार नाही, ज्या मुलीने लग्नाची शपथ मोडली तिच्यासाठी देवाला गळ घालायची नाही, असं मी म्हणालो. चाळीसगावचं ते स्थळ मीच आणलेलं. चर्चच्या मंडळीतला मुलगा, गळा चांगला, नाताळात उभा राहून गायचा तेव्हा बायका डोळे पुसायच्या. मी मंडळीचा पंच होतो. चार लोकांच्या मुलींची लग्नं मी जुळवली होती, आणि माझीच मुलगी आठ महिन्यांत बॅग घेऊन परत आली. लोक काय म्हणतील हे माझ्या डोक्यात पहिलं आलं. तुझ्या मनगटावर काय उमटलं होतं ते दुसरं आलं. दिपमाला, ते मी पाहिलं होतं. पाहिलं नाही असं पुढे सगळ्यांना सांगत राहिलो. तुझ्या आईने माझा नियम पाळला. घरात तुझं नाव तोंडातून काढलं नाही. मला वाटलं, विसरली. असलं वाटून घ्यायला मी तयारच होतो.

आपल्या मंडळीची बुधवारची प्रार्थना सभा अजून घरोघर फिरते, आणि विनंत्यांची वही अजून माझ्याकडेच असते. अक्षर चांगलं म्हणून तू लहान असल्यापासून तीच माझी कामगिरी. कुणाची परीक्षा, कुणाचा मणका, कुणाचं पोरगं नोकरीला लागत नाही. मी लिहायचो आणि पाळकसाहेब वाचायचे. नवीन वर्षात, आईला ते ओठ निळे होण्याचं झालं त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी, ती बायकांच्या बाजूने म्हणाली, चारुलता घरी परत यावी म्हणून प्रार्थना करा. मी मान खाली घालून लिहीत होतो. चारुलता, घरी परत येण्यासाठी. कुठली, कुणाची, काही विचारलं नाही. महिला मंडळाच्या ओळखीची कुणी दुःखी बाई असेल. आणि खरं सांगतो, चारुलता हे टीव्हीतल्या बाईचं नाव रोज संध्याकाळी कानावर पडत असून, पुढे डॉक्टरांसमोरही तिने तेच नाव घेतलेलं असून माझ्या डोक्यात तो उजेड पडला नाही. प्रार्थनेची वही आणि टीव्ही या दोन गोष्टी माझ्या मेंदूत एका फलाटावर लागतच नाहीत. पुढच्या बुधवारी तिने परत तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या बुधवारीही. चौदा बुधवार, दिपमाला. पाळकसाहेबांनी तिच्यासाठी रविवारी वेदीवरून प्रार्थना केली. दोन शुक्रवार मंडळीने उपास धरला. मी स्वतः धरला. रक्तदाबाची गोळी उपाशीपोटी घेऊन दुपारी मला चक्कर आली, तेव्हा तुझ्या आईने लिंबू-सरबत पुढे केलं आणि मी ते नाकारलं. चारुलतासाठी आहे, म्हणालो. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तेव्हा ती रडेल असं मला वाटलं होतं, आणि का ते कळलं नव्हतं.

चौदाव्या बुधवारी सभा छगनभाऊंच्या घरी होती. तुला माहीत आहे, छगनभाऊ म्हणजे आमच्यातले सगळ्यात वडीलधारे पंच, आणि उचापत्या करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. चारुलता एरंडोलची असेल असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. पुतण्याकडे एरंडोलला गेले तेव्हा दोन दिवस ते गल्लोगल्ली विचारत हिंडले. त्यांना चारुलताच्या वडिलांना भेटून चार शब्द सांगायचे होते की बाबा रे, पोर परत येईल तेव्हा दार उघडं ठेव. सभेत ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, सगळं एरंडोल पालथं घातलं, या नावाचं घर नाही. आणि आपली बेबाबाई, तिच्या पोटात काही राहत नाही, ती म्हणाली, "भाऊ, ती एरंडोलमा कशी सापडी? ती तं टीव्हीमा शे ना."

पुढचं काय सांगू. बायकांच्या बाजूला एकीने पदर तोंडात कोंबला. मग मला दिसलं की त्यांच्यातल्या एकीलाही आश्चर्य वाटलेलं नाही. त्यांना सगळ्यांना पहिल्या बुधवारपासून ठाऊक होतं. साडेसातला त्यांच्याही घरात तीच मालिका. आम्ही पुरुष तेवढे डोळे मिटून, हात उंचावून, नटीसाठी देवाला विनवत होतो. छगनभाऊ लालबुंद झाले. पाळकसाहेब चांगला माणूस आहे, ते चहाकडे बघत राहिले. आणि मी, पंच, वहीचा कारभारी, माझ्या बायकोने माझ्याच अक्षरात हा प्रकार करवून घेतलेला. घरी आल्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. देवाची चेष्टा केलीस, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. ती कॉटच्या काठावर बसून ऐकत होती, एक हात छातीवर. ती म्हणाली, चेष्टा नाही केली. एवढंच. त्या आठवड्यात पंच कमिटी बसली आणि ठरलं की शिबाबाईंनी, म्हणजे तुझ्या आईने, रविवारी मंडळीसमोर उभं राहून माफी मागावी. त्या ठरावावर सही माझीही आहे. मी तिला येऊन सांगितलं तर म्हणाली, मागेन. मालिका संपल्यावरच्या रविवारी मागेन.

त्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी बेबाबाई विरजणाला आली, आणि भांडं हातात घेऊन ओट्यापाशी थांबली. म्हणाली, "लोटनभाऊ, बठ्ठ्या बायास्ले ठाऊक शे चारुलता कोन शे ते. तुमले एकलालेच ठाऊक नही." मी म्हणालो, कळलं ना काल, टीव्हीतली बाई. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझे कान तापले. म्हणाली, "तुमनी आंडेरनं नाव घेवानं नही, मंग माय बिचारी कोनं नाव ली?" आणि गेली. लेकीचं नाव घ्यायचं नाही तर आईने कुणाचं घ्यावं, हे मला तेव्हाच समजलं होतं. माझी ही लबाडीही तुला सांगून टाकतो. त्या दिवसापासून मला पूर्ण समजलेलं होतं की तुझी आई चौदा बुधवार कुणासाठी मागत होती, आणि मी न समजल्याचं सोंग घेऊन फिरत होतो. कारण ते समजलं असं कबूल केलं की पुढचं एक कबूल करावं लागणार होतं.

मग शेवटचे दोन आठवडे आले. मालिका संपणार असं जाहीर झालं, आणि मी पहिल्यांदा देवाचे आभार मानले की आता तरी ही नाशिकला जाईल. मालिकावाल्यांनी एक आठवडा वाढवला. मी पेपर फेकला. तिची अवस्था तेव्हा अशी की न्हाणीघरापर्यंत जाऊन यायचं तर मध्ये दाराची चौकट धरून उभी राहायची. आडवं झोपलं की धाप लागायची, म्हणून तीन उशा लावून बसून झोपायची. मी शेजारी बसून तिचे श्वास ऐकायचो. एवढ्या वर्षांत गाडीला उशीर झाला म्हणून शेकड्याने लोक माझ्या खिडकीवर ओरडले, पण घड्याळाकडे बघून जीव असा कधी वरखाली झाला नव्हता. चारुलता रोज घराच्या दिशेने एक पाऊल टाकायची आणि जाहिरात लागायची. एकदा मी म्हणालो, अगं, येणार ती, शेवटी येतेच, सगळ्यांना ठाऊक आहे, चल आपण गुरुवारच्या आधी दोन दिवस नाशिकला जाऊन राहू. ती म्हणाली, येणार हे मलाही ठाऊक आहे. तो काय करतो ते बघायचंय. तो म्हणजे चारुलताचा बाप. मी परत पेपर उघडला.

काल शनिवारी शेवटचा भाग झाला. बेबाबाई आली होती, आणखी दोघी तिघी आल्या होत्या, मी माझ्या खुर्चीत. चारुलता फाटकापाशी आली. ढग गडगडले, वारा सुटला, तीन बाजूंनी तीनदा तिचं तोंड दाखवलं. मग बाप बाहेर आला. पांढरे केस, खांद्यावर शाल. दोघे बघत राहिले. आणि तो गळा काढून मोठं भाषण बोलला, त्याचा शेवट असा, की जा पोरी, मी तुला माफ केलं. चारुलता त्याच्या पायावर पडली. सनई लागली. बायका डोळे पुसायला लागल्या. आणि तुझी आई, जिला उशीवरून पाठ उचलताना दम लागतो, ती सरळ उठून बसली आणि टीव्हीवर ओरडली. "हाऊ कोन माफ करनारा? दार तं यानीच लायं व्हतं. माफी यानी मांगाले पाहिजे!" तिचा आवाज एवढा चढू शकतो हे मला आजवर माहीत नव्हतं. सनई चालू होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, टीव्हीकडेच बघत होती, तरी त्या खोलीतल्या प्रत्येक बाईने माझ्याकडे पाहिलं. बेबाबाईने उठून टीव्ही बंद केला. मी पेपरची घडी घातली. चार घड्या घातल्या, उलगडल्या, परत घातल्या.

आज सकाळी ती चर्चला आली. नको म्हणालो, रिक्षातसुद्धा त्रास होईल म्हणालो. शब्द दिलाय, म्हणाली. पायऱ्यांवरून दोघींनी धरून नेली. सूचना झाल्यावर पाळकसाहेबांनी तिचं नाव घेतलं, बसूनच बोला म्हणाले, पण ती पुढचं बाक धरून उभी राहिली. मी पुरुषांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत होतो. मला तिचे दोन हात दिसत होते, बाकावर घट्ट. ती म्हणाली, मी तुमच्याकडून खोट्या नावासाठी प्रार्थना करून घेतली, त्याची माफी मागते. मग दम घेतला. इतका वेळ घेतला की छगनभाऊ मागे वळून बघायला लागले. मग म्हणाली, खरं नाव दिपमाला आहे. आणि खाली बसली. बेबाबाई 'आमेन' म्हणाली. मग तिच्या शेजारची, मग मागची, बायकांची सगळी बाजू. आमच्या बाजूने पहिला आवाज छगनभाऊंचा आला, आणि माझा आलाच नाही.

दिपमाला, आता ते लिहितो ज्यासाठी हे पत्र आहे. त्या मे महिन्यातल्या दुपारी तू चाळीसगावहून आलीस, जाळीच्या दारापलीकडे बॅग खाली ठेवून उभी राहिलीस. मी परत जा म्हणालो, तेव्हा तू एवढंच म्हणालीस की आईला बोलवा. मी आत गेलो. बाहेर येऊन तुला सांगितलं, आईचंही हेच म्हणणं आहे, तिला तुझं तोंड बघायचं नाही. दिपमाला, त्या दुपारी तुझी आई घरात नव्हती. ती बेबाबाईच्या गच्चीवर कुरडया घालत होती. मी आत जाऊन रिकाम्या स्वयंपाकघरात माठापाशी उभा राहिलो, बोलणं व्हायला लागेल तेवढा वेळ थांबलो, आणि बाहेर आलो. संध्याकाळी ती घरी आल्यावर तिला सांगितलं की दिपमाला येऊन गेली, मरेपर्यंत या घरात पाय ठेवणार नाही म्हणाली. एकतीस वर्षांत मी माइकवरून एका गाडीची खोटी वेळ सांगितली नाही, आणि तुम्हा दोघींना एकमेकींच्या तोंडचं खोटं सांगितलं. तू सहा वर्षं आईने हाकलली म्हणून आली नाहीस, आणि ती सहा वर्षं तू शपथ घेतलीस म्हणून तुला हाक मारायला भ्याली. हे सगळं मी आज चर्चहून आल्यावर तिला सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल, किंवा तिला काही होईल. तिने विचारलं, "आंडेरले पानी तरी दिन्हं व्हतं का तुम्ही?" मी नाही म्हणालो. मग म्हणाली, "कागद लिखा तिले. बठ्ठं लिखा. तिले कळाशिवाय मी नाशिकनी गाडीमा बसाव नही." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मी तुझ्याजवळ माफी मागतो. द्यायची की नाही त्याची घाई नाही, माझी वाट बघायची तयारी आहे. घाई तिची आहे. आम्हाला बुधवारी सकाळी निघायला हवं. तू घरी ये, किंवा सरळ नाशिकला ये, किंवा झुलालजवळ एक चिठ्ठी दे, पण तिच्यापर्यंत काहीतरी पोचू दे. माझं तोंड बघायचं नसेल तर तसं लिही, मी बाहेर बाकावर बसेन, बोलावल्याशिवाय आत येणार नाही. तिला तुझ्याशी काय बोलायचं आहे ते मी विचारलेलं नाही, आणि इथे लिहिलेलंही नाही. या वेळी तिचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐक.

तुझाच,
नाना